गाडीच्या रंगाची घरगुती दुरुस्ती: झिलई आणायची कशी

एक स्टीलची मोजपट्टी घ्या. गाडीच्या दरवाजाचा जो भाग कधीच पुन्हा रंगवलेला नाही, तिथे ती काटकोनात धरा, शून्याचं टोक पत्र्याच्या बाजूला. मधे कागदाची घडी ठेवा, नाहीतर नवाच चरा पडायचा. आता रंगात दिसणारे तिचे आकडे वाचत जा. माझ्या गाडीवर अठरापर्यंतचे आकडे वाचता येत होते. त्याच दरवाजाच्या खालच्या कोपऱ्यात मी स्वतः केलेली पहिली दुरुस्ती होती. तिथे चारच्या पुढे सगळं धुकं.

त्या पहिल्या वेळी मी जवळपास सगळेच नवशिके करतात ती चूक केली. चमक डब्यात असते असं धरून चाललो. रंग मंद दिसला म्हणून वरून अजून एक हात दिला, तरी मंद म्हणून अजून एक. शेवटी दरवाजावर तीन ओघळ आले आणि ते घासताना कडेचा रंग पार पत्र्यापर्यंत गेला. दोन दिवसांचं काम पंधरा दिवस पुरलं.

चमक म्हणजे सपाटी. उजेड पृष्ठभागावर पडून एकाच कोनात परतला की आपल्याला प्रतिबिंब दिसतं. वेगवेगळ्या दिशांना पांगला की तोच रंग मळकट वाटतो. उजेड पांगवणाऱ्या गोष्टी दोन. एक म्हणजे रंगाच्या अंगावरचे उंचसखल भाग, संत्र्याच्या सालीसारखे. गॅरेजवाले त्याला 'ऑरेंज पील'च म्हणतात. दुसरी म्हणजे बारीक चरे. पी २००० नंबरच्या पॉलिश पेपरचा (नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक) दाणा साधारण १० मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि आपल्याला दिसणाऱ्या उजेडाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. म्हणून २०००च्या पेपरने घासलेला रंग हाताला काचेसारखा लागला तरी डोळ्याला पांढरट दिसतो, आणि म्हणूनच घासण्यानंतर रबिंग कंपाउंडने, म्हणजे बारीक घासणाऱ्या पेस्टने, घोटावं लागतं. पुढचं सगळं काम या दोन गोष्टी एकामागून एक काढून टाकण्याचं आहे.

रंग लावायची गरज आहे का, ते आधी बघा

ओरखड्यावर पाणी टाका. ओला असताना तो दिसेनासा होत असेल तर चरा फक्त वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये आहे. अशा वेळी रंगाचा डबा उघडूच नका, थेट घोटण्याच्या भागाकडे जा. ओला असतानाही पांढरी किंवा राखाडी रेघ दिसत राहिली, आणि त्यावरून नख आडवं फिरवल्यावर अडकलं, तर चरा रंगापर्यंत किंवा त्याखालच्या अस्तरापर्यंत, म्हणजे प्रायमरपर्यंत गेला आहे.

खडी लागून उडालेल्या टवक्यांसाठी फवारा मारणं म्हणजे माशी मारायला हातोडा. टवका साफ करा, गंज असेल तर टोकदार वस्तूने खरवडा आणि टूथपिकच्या टोकाने टच-अप रंग थेंबाथेंबाने भरा. दर थेंब आधीचा सुकल्यावर. रंग सुकताना आक्रसतो, त्यामुळे शेवटी क्लिअर भरल्यावर तो भाग आजूबाजूपेक्षा किंचित उंच राहिला पाहिजे. दोन-चार दिवसांनी पेन्सिलीच्या खोडरबराला २०००च्या पेपरची टिकली चिकटवून तेवढाच उंचवटा घासा, मग घोटा. चिवट काम आहे, पण दोन हात लांबून टवका सापडत नाही.

थर किती जाड असतात

कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. तळाला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट, आणि सगळ्यांत वर क्लिअर कोट. क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. ऊन अडवणारी द्रव्यंही मुख्यतः याच थरात असतात. तो जास्त घासून पातळ केला की आज गाडी चकाकते आणि काही वर्षांनी तिथलाच क्लिअर पांढरा पडून सोलपटतो.

बेस कोटला स्वतःची चमक नसते. हे वाक्य मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर ते तीन ओघळ आलेच नसते. बेस कोट सुकला की खडूने रंगवल्यासारखा दिसतो, आणि तसाच दिसायला हवा. रंग नीट झाकला गेला की त्याचं काम संपलं.

वन-के घ्यायचा की टू-के

स्प्रे कॅनमधला साधा क्लिअर बहुधा वन-के असतो: द्रावक उडून गेलं की झाला कडक. वापरायला सोपा, पण पेट्रोल सांडलं तर मऊ पडतो आणि त्याची चमक लवकर उतरते. टू-के क्लिअरमध्ये हार्डनर असतो, रासायनिक क्रिया होऊन थर घट्ट होतो. झिलईत आणि टिकाऊपणात टू-के फार वरचा आहे. हल्ली तो कॅनमध्येही मिळतो: तळाची कळ दाबली की हार्डनर आत मिसळतो, आणि मग कंपनीप्रमाणे एक-दोन दिवसांत कॅन संपवावा लागतो.

पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ती श्वासात गेली तर कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढच्या वेळी अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. वास येत नाही म्हणजे धोका नाही, असा हिशोब इथे चालत नाही. वास जाणवण्याच्या आधीच हवेतलं प्रमाण धोक्याचं झालेलं असू शकतं. गाड्या रंगवण्याच्या कारखान्यात टू-के मारणारा माणूस बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा घालून उभा असतो, ते उगाच नाही. तसा मुखवटा नसेल तर घरी वन-के वापरा, किंवा तयारी आणि रंग स्वतः करून फक्त क्लिअरसाठी गाडी स्प्रे बूथ (फवारणीची बंदिस्त खोली) असलेल्या गॅरेजकडे द्या. मी दुसरा मार्ग धरतो, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

वन-के वापरतानाही कापडी मास्क कामाचा नाही. सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या डब्या आणि पुढे धूळ अडवणारा फिल्टर असलेला मुखवटा हवा. सोबत डोळ्यांना गॉगल आणि हातात नायट्राइलचे मोजे. जागा मोकळी असावी आणि आसपास गॅसची शेगडी, हिटर किंवा विडी-काडी नको.

घासणं: पायाच इथे पडतो

गाडी धुवा. मग वॅक्स आणि ग्रीस काढणाऱ्या क्लीनरने दुरुस्तीचा भाग पुसा, दोन फडक्यांनी: एका ओल्या फडक्याने लावायचं आणि उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपून घ्यायचं. एकाच फडक्याने पुसलंत तर चिकटा इथला तिथे सरकतो, निघत नाही. हे पुसणं घासायच्या आधी करायचं. नंतर केलंत तर मेण आधीच पेपरने चऱ्यांत दाबून बसवलेलं असतं.

आता चऱ्याचा काठ उतरता करायचा. पी ३२०ने सुरुवात करा, रबरी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलंत तर बोटांच्या खाली खाचा पडतात. त्या आत्ता दिसत नाहीत, क्लिअर चढल्यावर दिसतात. घासत गेलात की चऱ्याभोवती वलयं उमटतील: बाहेर क्लिअर, मग रंग, मग प्रायमर, आत पत्रा. नकाशावर डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात तशीच ही वलयं वाचायची. जवळजवळ असतील तर चढ उभा आहे. प्रत्येक वलय बोटभर रुंद झालं की चढ सौम्य झाला. डोळे मिटून वरून तळवा फिरवा. पायरी जाणवली तर अजून घासा.

पत्रा उघडा पडला असेल तर त्याला बोट लावू नका आणि रात्रभर तसा ठेवू नका. घामानेसुद्धा गंज धरतो. त्याच दिवशी धातूसाठीचा प्रायमर मारा. प्लॅस्टिकच्या बंपरवर उघड्या प्लॅस्टिकला आधी प्लॅस्टिकचा प्रायमर लागतो, नाहीतर महिन्याभरात पापुद्रा निघतो. खोल खड्डे आणि पुट्टीचं काम हा स्वतंत्र विषय आहे, तो इथे घेत नाही.

त्यावर भरणीच्या प्रायमरचे दोन-तीन हात, मधे दहा-पंधरा मिनिटं. रात्रभर सुकू द्या. मग एक युक्ती: काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा लांबून शिंपडल्यासारखा मारा. याला गाइड कोट म्हणतात. पी ६००ने ठोकळ्यावर घासा. जिथे काळे ठिपके उरतील तिथे खड्डा, जिथे लगेच खालचा थर उघडा पडेल तिथे उंचवटा. सगळे ठिपके गेले आणि प्रायमर कुठेही फाटला नाही, तर पृष्ठभाग सपाट झाला. ठिपके उरलेच तर आणखी प्रायमर आणि पुन्हा घासणं. कंटाळा इथेच येतो, आणि इथे केलेली घाई पुढे कुठल्याही पॉलिशने झाकत नाही.

पेपर घेताना नंबराआधी 'पी' आहे का ते बघा. दुसऱ्या मापन पद्धतीतला नुसता ६०० हा पी ६००पेक्षा बराच बारीक, जवळजवळ पी १२००च्या तोडीचा असतो. दोन्ही मिसळले की क्रम बिघडतो आणि कुठे चुकलं ते कळतही नाही.

हे चरे का एवढे महत्त्वाचे? रंग मारल्यावर पहिल्या दिवशी दुरुस्ती आरशासारखी दिसते आणि दोन-तीन आठवड्यांत मंद पडते, हे बऱ्याच जणांनी अनुभवलेलं असतं. कॅनवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही. थरात अडकलेलं द्रावक हळूहळू बाहेर पडतं, तसा थर आक्रसतो आणि खालच्या चऱ्यांत बसत जातो. खाली पी ३२०च्या रेघा राहिल्या असतील तर त्या वर उमटतात. म्हणून प्रायमर ६००पर्यंत न्यायचा आणि प्रत्येक हाताला सुकायला वेळ द्यायचा.

आजूबाजूचा जुना रंगही घासायचा असतो, पी १०००ने किंवा राखाडी स्कफ पॅडने (घासणीसारखं खरखरीत पॅड). तिरक्या उजेडात बघा: कुठेही चमकणारा ठिपका राहता कामा नये. जिथे जुनी चमक राहिली तिथे नवा क्लिअर धरत नाही.

सीमा कुठे आखायची

नवशिक्याला वाटतं, चरा तळहाताएवढा आहे तर टेपने तळहाताएवढा चौकोन आखून रंगवावा. असं कधीही करू नका. रंगाला ती चौकोनी पायरी कायमची राहते आणि कितीही घोटलं तरी तिथे नजर जाते.

रंग पॅनेलच्या आतच विरत न्यायचा आणि क्लिअर मात्र पूर्ण पॅनेलवर, फटीपासून फटीपर्यंत. दरवाजा तर दरवाजा, मडगार्ड तर मडगार्ड. जास्त क्लिअर लागतो, पण काठ फटीत लपतो. जुन्या क्लिअरमध्ये नवा क्लिअर मधेच विरवण्यासाठी ब्लेंडिंग थिनर मिळतो. तो जोड वर्ष-दोन वर्षांत उघडा पडलेला मी पाहिला आहे, म्हणून अगदीच पर्याय नसेल तरच. एका दरवाजाला तीन हात द्यायचे तर ४०० मिलीचे क्लिअरचे दोन कॅन हाताशी ठेवा. मधेच संपण्यासारखी फजिती नाही.

मास्किंगला वर्तमानपत्र नको, त्यातून द्रावक झिरपतं. प्लॅस्टिक किंवा मास्किंगचा कागद वापरा.

रंगाचे हात

रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, बहुधा दरवाजाच्या खांबावर किंवा बोनेटखाली. कोड बरोबर असला तरी तुमच्या गाडीचा रंग उन्हात उडालेला असतो. म्हणून आधी एका कार्डावर रंग मारा, त्यावर क्लिअर मारा (क्लिअर चढला की रंग गडद होतो) आणि दिवसाच्या उजेडात गाडीला लावून बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात दगा देतो.

हवा २० ते २५ अंशांच्या आसपास आणि कोरडी हवी. फार दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधाळ पडतो. कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर वरची साय आधी धरते आणि खालचं द्रावक बुडबुडे फोडत बाहेर येतं. पावसाच्या दिवशी आणि भर दुपारी, दोन्ही वेळा कॅन कपाटात बरा.

कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. कोमट म्हणजे हाताला सहज सोसेल इतपत. कॅनला ५० अंशांच्या वर नेऊ नये. उकळतं पाणी किंवा आच तर मुळीच नको. दाब वाढला की फवारा बारीक होतो आणि रंग सपाट बसतो. आतली गोळी खुळखुळायला लागल्यावर दोन-तीन मिनिटं नेटाने हलवा. घड्याळ लावून, दोन मिनिटं वाटतात त्याहून लांब असतात.

पुन्हा दोन फडक्यांनी पुसा, मग टॅक क्लॉथ (धूळ टिपणारं चिकट फडकं) हलक्या हाताने फिरवा. दाबलंत तर त्याचाच चिकटा उतरतो. टायर आणि डॅशबोर्ड चमकवायचे सिलिकॉनचे फवारे त्या दिवशी जवळपासही नकोत. हवेतल्या कणभर सिलिकॉननेही रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

अंतर २० ते २५ सेंटिमीटर. पॅनेलच्या बाहेर फवारा सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा, दर पट्टा आधीच्या निम्म्यावर चढवायचा. मनगट वळवू नका, पूर्ण हात समांतर न्या. दोन-तीन पातळ हात, मधे दहा मिनिटं, आणि दर हात आधीच्यापेक्षा थोडा बाहेरपर्यंत नेला की कड आपोआप विरते. मेटॅलिक असेल तर शेवटचा हात जरा लांबून, हलका धुरळल्यासारखा. त्याने चमकीचे कण एकसारखे पसरतात आणि वाघाच्या अंगासारखे पट्टे दिसत नाहीत. मेटॅलिक बेस घासू नका. धूळ बसली म्हणून घासलाच तर त्यावर रंगाचा आणखी एक हात द्यावा लागतो, नाहीतर ओरबाडलेले कण क्लिअरखालून दिसतात.

आता सगळं मंद आणि निस्तेज दिसेल. बरोबर आहे.

क्लिअर: इथे सावकाश

बेसनंतर क्लिअर किती वेळाने, हे कॅनवर लिहिलेलं असतं आणि ते माझ्या सांगण्यापेक्षा वरचं. बहुधा वीस-तीस मिनिटं. काही रंगांना 'एका तासाच्या आत किंवा थेट दोन दिवसांनी' अशी अट असते. मधल्या वेळेत हात दिला की खालचा अर्धा सुकलेला रंग सुरकुततो.

पहिला हात अर्धओला. पृष्ठभाग पूर्ण झाकायचा नाही, फक्त पुढच्या हाताला धरायला जागा करायची. दहा-पंधरा मिनिटं थांबा.

दुसरा हात ओला. आता कॅनकडे बघायचं नाही, पॅनेलमध्ये पडलेल्या दिव्याच्या प्रतिबिंबाकडे बघायचं. डोकं खाली नेऊन तिरकं पाहा. फवारा जिथून पुढे गेला तिथे आधी बारीक दाणे दिसतात, आणि क्षणा-दोन क्षणांत ते एकमेकांत मिसळून दिव्याची कड जुळून येते. कड जुळत असेल तर वेग बरोबर. दाणे दाणेच राहिले तर हात फार जलद आहे किंवा कॅन लांब आहे. तेच पुढे ऑरेंज पील होतात. प्रतिबिंब हलायला लागलं, जाड सायीसारखं लोंबलं, तर ओघळाची तयारी चालू आहे, तिथून निघा. साधारण सेकंदाला फूटभर वेग हा माझा अंदाज. खरा वेग तुमचा कॅन आणि ते प्रतिबिंब सांगतील. आधी एखाद्या भंगार पत्र्यावर किंवा जुन्या बादलीवर हात बसवा.

तिसरा हात तसाच. वन-के असेल तर चौथाही, कारण तो सुकल्यावर फार पातळ होतो आणि पुढे घासायला जाडी उरायला हवी. प्रत्येक हाताआधी आडोशाच्या टेपवरच्या क्लिअरला बोट लावा: चिकटलं पण तार ओढली नाही, तर पुढचा हात द्यायला हरकत नाही.

चिलट येऊन बसलं तर बसू द्या. ओल्या क्लिअरमधून ते काढायला जाल तर बोटाएवढा खड्डा पडेल; सुकल्यावर पायांसकट घासून निघतं. ओघळालाही हात लावू नका. सुकल्यावर दाढीचं ब्लेड घ्या, दोन्ही टोकांना टेप गुंडाळा म्हणजे फक्त मधली धार उघडी राहील आणि टेपच्या जाडीवर ती तरंगेल. ब्लेड किंचित वाकवून ओघळाच्या माथ्यावरून खरवडा. पांढरा भुसा निघत जातो आणि आजूबाजूच्या क्लिअरला धक्का लागत नाही. हे मी तीन ओघळांच्या किमतीवर शिकलो.

मग वाट बघा. टू-के साधारण एक-दोन दिवसांत घासता येतो. वन-केला मी आठवडा देतो. नाक पॅनेलजवळ न्या: थिनरचा वास येत असेल तर अजून थांबा. न दिसणाऱ्या कोपऱ्यात नखाचा ठसा उमटला तरी थांबा. मऊ क्लिअर घासला तर पेपरमध्ये गुठळ्या होतात आणि त्याच गुठळ्या खोल चरे पाडतात.

घासून घोटणं

क्लिअर सरळ आणि सपाट बसला असेल, पट्टीने समाधान होत असेल, तर हे सगळं टाळा. घासणं हे दुरुस्त करायचं साधन आहे, कर्मकांड नाही.

करायचंच असेल तर पी १५००चा वॉटर पेपर अर्धा तास पाण्यात भिजत घाला, पाण्यात शाम्पूचे दोन थेंब. पॅनेलच्या कडा आणि पत्र्याच्या उठावदार रेघा टेपने झाका, कारण तिथे रंग ओघळून नेहमीच पातळ झालेला असतो आणि पेपरचा दाब नेमका तिथेच जास्त पडतो. ठोकळ्यावर पेपर, एकाच दिशेने, हाताच्या वजनाइतकाच दाब.

दहा-बारा फेऱ्या झाल्या की रबरी पट्टीने पाणी ओढून टाका आणि बघा. ओला असताना सगळंच चमकतं, तेव्हा ओल्यावर निर्णय नको. कोरड्या पृष्ठभागावर मंद भागात चमकणारे ठिपके दिसतील, पावसाने ओल्या झालेल्या फरशीवर डबकी उरावीत तसे. ते ऑरेंज पीलचे तळ आहेत. घासत जाल तसे ठिपके आकसतात. शेवटचे चार-दोन बारीक ठिपके राहिले तर राहू द्या. त्यांच्यामागे लागूनच क्लिअर फाटतो.

पाण्याच्या रंगावर लक्ष ठेवा. क्लिअर घासला जातो तोवर पाणी दुधासारखं पांढरं. त्यात गाडीचा रंग उतरला की त्या क्षणी थांबा: क्लिअर संपला, आणि ती जागा पुन्हा क्लिअर मारल्याशिवाय दुरुस्त होत नाही. पेपर सारखा विसळा, आणि विसळायची बादली वेगळी ठेवा. जमिनीवर पडलेला पेपर पुन्हा वापरायचा नाही, वाळूचा एक कण पुरतो.

पुढे पी २०००, आधीच्या दिशेला आडवा. आडवा अशासाठी, की १५००च्या रेघा वेगळ्या दिसतात आणि त्या सगळ्या गेल्या की थांबायचं ते कळतं. मग पी ३०००. हाताने घोटणार असाल तर ३००० अजिबात वगळू नका. जेवढं पेपर करील तेवढे दंड कमी दुखतील.

मग रबिंग कंपाउंड. मशीन असेल तर ड्युअल अॅक्शनवाली घ्या, म्हणजे जिचं पॅड फिरता फिरता डोलतंही. एकाच अक्षावर गरगर फिरणारं मशीन जलद कापतं, पण नवख्या हातात कड जाळतं आणि उन्हात दिसणारी वलयं सोडतं. फोम पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, आधी मशीन बंद असताना ते पसरवून घ्या, नाहीतर कंपाउंड भिंतीवर जातं. हातभर लांब-रुंद चौकोन घ्या, हळू चाल, उभ्या-आडव्या फेऱ्या. पॅनेलवर तळवा ठेवा. चटका बसत असेल तर थांबा. पॅड मधूनमधून झटका. आधी जाड कंपाउंड, मग वेगळ्या स्वच्छ पॅडवर बारीक पॉलिश.

हाताने करायचं तर मायक्रोफायबरच्या फडक्याची घट्ट गुंडाळी आणि छोट्या जागेवर सरळ रेषेत घोटणं. एका दरवाजाला सहज तास-दीड तास जातो. वन-केवर हाताचं काम मला जास्त सुरक्षित वाटतं, कारण मशीनच्या उष्णतेने तो मऊ पडून ओढला जातो.

कंपाउंडमधलं तेल बारीक चरे तात्पुरते भरून काढतं, म्हणून लगेच खूश होऊ नका. टू-केवर पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून खरं काय ते बघता येतं. वन-केवर अल्कोहोल नको, थर मऊ पडू शकतो. तिथे शाम्पूच्या पाण्याने धुऊन उन्हात तपासा. धुकट पट्टे दिसले तर ३०००च्या रेघा राहिल्या आहेत, पुन्हा कंपाउंड. मोठ्या लाटा दिसल्या तर घासणं अपुरं आहे, कंपाउंड कितीही चोळून त्या जात नाहीत.

वॅक्स किंवा सीलंट महिनाभर लावू नका. थरातलं उरलेलं द्रावक अजून बाहेर पडत असतं, त्याची वाट बंद होते. तोवर फक्त पाणी आणि सौम्य शाम्पू, आणि पक्ष्याची विष्ठा पडली तर त्याच दिवशी भिजवून काढा. पेट्रोलच्या झाकणाजवळ वन-के मारला असेल तर पंपावर हातात एक कोरडं फडकं ठेवा.

माझ्या गेल्या दुरुस्तीवर महिन्याने तीच मोजपट्टी धरली. चौदापर्यंतचे आकडे वाचता आले. चौदाचे सोळा करावेत म्हणून १५००चा पेपर भिजतही घातला होता, पण खाली क्लिअर किती उरलाय ते मोजायचं साधन माझ्याकडे नाही. पेपर काढून वाळत टाकला.